आरतीला मशीन आणायची का? आप्पांनंतर नगारा कोणी वाजवायचा?

गोदाकाठ_परभणी

राम राम मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळायलाय म्हणून इथं टाकायलो, जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं. आमचं गाव परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठाला, गावात महादेवाचं जुनं दगडी मंदिर, आणि सांजच्या आरतीला नगारा वाजवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या गुरवाच्या घराकडं. आत्ताचे गुरव आप्पा सत्तरी पार केलेले, उजव्या हाताला कंप सुटलाय, मागच्या श्रावणात तर टिपरी हातातून दोनदा निसटली. त्यांची दोन्ही पोरं पुण्याकडं कंपनीत, ती काही परत यायची नाहीत आणि त्यांना कुठल्या तोंडानं या म्हणावं, आप्पांना गावाकडून जे बलुतं मिळायचं ते सुद्धा आता निम्मी घरं देत नाहीत.

तर समितीनं वर्गणी काढून ती आरतीची मशीन आणायचं ठरवलंय, मोटारवर चालती ती, बटन दाबलं की नगारा घंटा झांज सगळं एकदम सुरू. शेजारच्या गावात आहे, मुद्दाम जाऊन ऐकून आलो. आवाज मोठा आहे, वाईट नाही, पण मला तिथं उभं राहवलं नाही आणि का राहवलं नाही ते कुणाला सांगताही येईना. बैठकीत विरोध केला तर सगळे म्हणाले मग तू वाजव रोज. मला वाजवता येत नाही, गप बसलो.

विचारायचं असं की देवापुढच्या आवाजाबद्दल आपल्याकडं नेमकं काय सांगितलंय, घंटा शंख नगारा हे वाजवायचं कशासाठी? मशीननं वाजवलेलं देवाला पोचतं का? आणि समितीतले एक काका म्हणायलेत की सोमवारी रुद्र पण पेन ड्राइव्हवर लावून देऊ, ब्राह्मण बोलवायचा खर्च वाचल, ते चालतं का? घंटेच्या नादानं सात सेकंदात सात चक्रं जागी होतात हा मेसेज कृपया टाकू नका, माझ्याकडं पन्नास वेळा आलाय.


रुद्रपाठी_अंबाजोगाई

दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पूजेतच आहे, आपण रोज म्हणतो पण थांबून बघत नाही. देवाच्या आधी कलश, शंख आणि घंटा यांची पूजा होते. घंटेला गंध-फूल वाहून म्हणायचं, आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम् । कुर्वे घण्टारवं तत्र देवताह्वानलक्षणम् ॥ देवांनी यावं, राक्षसांनी निघावं म्हणून मी घंटा वाजवतो, देवाला बोलावल्याची ही खूण. चक्रांचा काही संबंध नाही, सरळ हाक आहे ती.

आता यातला 'कुर्वे' शब्द बघा. मी करतो. व्याकरणात हे आत्मनेपद, म्हणजे क्रियेचं फळ करणाऱ्याला मिळतं तेव्हाचं रूप. गुरुजी आम्हाला यज्ञाचं उदाहरण द्यायचे, पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजति' आणि यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा 'यजते'. घंटेच्या श्लोकात 'कुर्वे' आहे. बटन दाबणारा 'कुर्वे' म्हणू शकतो का, हा विचार तुमच्या समितीनं करावा, मी निकाल देणारा कोण.

रुद्राचं मात्र मी ठामपणे सांगतो कारण माझी बारा वर्षं त्यात गेलीत. कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत चौथ्या कांडाचा पाचवा प्रपाठक (प्रकरण) म्हणजे नमक आणि सातवा म्हणजे चमक, दोन्हीत ११-११ अनुवाक (परिच्छेद), हाच आपला रुद्र. नमकाची ११ आवर्तनं आणि प्रत्येकामागं चमकाचा एक अनुवाक झाला की एकादशनी. अशा ११ झाल्या की लघुरुद्र, म्हणजे नमक १२१ वेळा, मग महारुद्राला १३३१ आणि अतिरुद्राला १४,६४१. आपल्याकडं मराठवाड्यात शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन पण बरेच, त्यांचा रुद्र वाजसनेयी संहितेच्या सोळाव्या अध्यायातला, ते स्वर हाताच्या हालचालीनं दाखवत म्हणतात, बघितलं असेल तुम्ही. स्वर म्हणजे अक्षर उंच, खाली की उतरत्या आवाजात म्हणायचं ते, उदात्त, अनुदात्त, स्वरित. पोथीत अक्षराखाली आडवी रेघ ती अनुदात्ताची आणि डोक्यावर उभी ती स्वरिताची. हे लिहून शिकता येत नाही, गुरुच्या तोंडून कानानं घ्यावं लागतं, म्हणून तर पद, क्रम, जटा, घन असे शब्द उलटसुलट गुंफून म्हणायचे पाठ ठेवले, म्हणजे एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी लगेच सापडावं. युनेस्कोनं २००३ साली वेदपठणाच्या या परंपरेला मानवजातीचा मौखिक आणि अमूर्त वारसा म्हणून मान दिला तो ह्या तोंडी जपणुकीला.

स्वर चुकला तर काय होतं याची गोष्ट आम्हाला पहिल्याच वर्षी सांगतात. त्वष्ट्यानं इंद्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून आहुती दिली आणि 'इन्द्रशत्रु' शब्द म्हणताना आघात शेवटी द्यायचा तो सुरुवातीला दिला. इंद्राचा मारेकरी असा अर्थ हवा होता, झाला उलटा, इंद्र ज्याचा मारेकरी आहे असा. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला.

तर पेन ड्राइव्हवर रुद्र ऐकायला जरूर लावा, कानावर पडलेला चांगलाच. पण त्याला अभिषेक म्हणू नका. अभिषेकाला संकल्प लागतो, अमुक गोत्राचा अमुक मी हे करतो असं म्हणणारा माणूस तिथं बसलेला लागतो. आणि खर्चाचंच म्हणाल तर एक सांगतो, नमकाच्या आठव्या अनुवाकात 'नमः शिवाय च शिवतराय च' येतं, आपला पंचाक्षरी मंत्र तिथलाच. गावातल्या कोणीही पिंडीवर पाण्याची धार धरून नमः शिवाय म्हणावं, अकरा मिनिटं म्हणावं. पैसा लागत नाही आणि ब्राह्मणही लागत नाही, हे मी स्वतः त्याच कामात असून सांगतोय.


शिवारातली_लेक

मी लातूर जिल्ह्यातली. आमच्याकडं मशीन आहे सात वर्षांपासून म्हणून अनुभव लिहिते. मशीनला नावं ठेवणार नाही कारण ती आली तेव्हा परिस्थिती अशी होती की सांजच्याला मंदिरात पुजारी एकटेच, एका हातात निरांजन आणि दुसऱ्या हातात घंटी, बास. मशीन आली तेव्हा लेकरं बघायला तरी यायला लागली.

पण नंतर झालं काय की टाळ आणणारे जे चार-पाच जण होते ते टाळ आणायचे बंद झाले. मशीनच्या आवाजात टाळ ऐकूच येईना मग कशाला वाजवायचा. आणि मशीनची चाल एकच हो, आपली आरती कशी असती, सुरुवातीला निवांत, मग दुसऱ्या-तिसऱ्या आरतीला जोर चढतो, घालीन लोटांगणला तर पळायलाच लागतं सगळं, आणि मंत्रपुष्पांजलीला एकदम शांत. मशीनला हे काही कळत नाही, ती आपली धाड धाड एकसारखी, शेवटी माणसंच मशीनच्या चालीवर म्हणायला लागली, मला हे सगळ्यात जास्त लागलं. लाईट गेली की आरती अर्ध्यात मुकी. आता आम्ही रोज मशीन लावत नाही, फक्त एखाद दिवशी कोणीच नसलं तर.

दुसरं म्हणजे काकडा. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर पहाटे आमच्या गावात काकडा चालतो, माझी आई आणि गल्लीतल्या बाया उठून अंघोळी करून साडेचारला मंदिरात, भूपाळ्या, गौळणी सगळं पाठ. आईला लिहिता वाचता येत नाही पण काकड्याचे अभंग एकामागं एक कुठला येतो ते तिला विचारा. मृदंग आणि टाळ एवढंच. त्याचा माईक बाहेरच्या भोंग्याला जोडायचा हट्ट काही लोकांनी केला, माझे सासरे तेव्हा अंथरुणाला खिळलेले आणि आमचं घर मंदिराला लागून. दहा दिवस झोप नाही त्यांना. मी समितीला जाऊन सांगितलं की २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ भोंगा लावताच येत नाही, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. काहींना राग आला, सून देवाच्या आड येते म्हणाले. आईनंच मिटवलं ते. ती म्हणाली आम्ही देवाला उठवाय जातो, तो तर आमच्या चार हातांवर बसलाय, भोंगा कशाला.

भोंगा निघाला तसा काकडा उलट चांगला व्हायला लागला कारण सगळ्यांना एकमेकींचा आवाज ऐकू यायला लागला. नाहीतर माईकवाली एकटीच म्हणायची आणि बाकीच्या नुसत्या बसायच्या.

आणि सप्ताहात बघा की, सात दिवस वीणा खाली टेकवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, रात्री दोनला सुद्धा पहारेकरी उभा असतो. रात्री दोनला ऐकायला कोण असतं तिथं? तरी कुणी टेप लावून झोपायला गेलेलं मी तरी बघितलं नाही.


देवगिरी_कडून

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण नाद म्हणजे काय याचं उत्तर आपल्या मातीत आठशे वर्षांपूर्वी लिहून झालंय आणि मराठवाड्यातल्या शाळेत कोणी शिकवत नाही. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांचा राजा सिंघण, त्याच्या दरबारी शार्ङ्गदेव म्हणून हिशेबाच्या खात्याचा मोठा अधिकारी. आजोबा काश्मीरहून आलेले. त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, सात अध्याय, अख्ख्या भारताचं संगीतशास्त्र आजही त्याच्याकडं बघतं, हिंदुस्थानी आणि कर्नाटकी दोन्ही. दौलताबादचा किल्ला बघायला लोक येतात, तोफ बघतात, अंधारी वाट बघतात, शार्ङ्गदेवाचं नाव कुणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर तो सांगतो नाद दोन प्रकारचा, आहत आणि अनाहत. अनाहत योग्यांचा, आपला आहत, म्हणजे आघातानं निघालेला. आणि हा आघात सुरू कुठून होतो? आत्म्याला काही बोलावंसं वाटतं, तो मनाला हलवतो, मन शरीरातल्या अग्नीला धक्का देतं, अग्नी वाऱ्याला ढकलतो, तो वारा वर चढत नाभी, हृदय, कंठ, डोकं असा तोंडाशी येतो आणि नाद होतो. 'न' म्हणजे प्राण आणि 'द' म्हणजे अग्नी, दोन्हीचा संयोग तो नाद, ही त्याची फोड. म्हणजे नादाची सुरुवात 'वाटण्यातून' आहे. गोदाकाठ भाऊ, तुम्हाला शेजारच्या गावात उभं राहवलं नाही त्याचं कारण मला यात दिसतं. टिपरी नगाऱ्यावर पडली, आवाज झाला, आघात पण झाला, पण कुणाला वाटलं म्हणून झाला नाही.

वाद्यांचा वेगळा अध्याय आहे त्यात, तारेची, फुंकायची, कातड्याची आणि धातूची असे चार वर्ग. तुमच्या मंदिरात शंख, नगारा आणि घंटा मिळून तीन तर आहेतच, भजनाला वीणा आली की चारही पूर्ण.


संबळवाला_धाराशिव

आई राजा उदो उदो. आम्ही गोंधळी, घरात संबळ चालत आलेला. शास्त्राचं वरच्या मंडळींनी सांगितलं, मी हाताचं सांगतो.

घंटेचा श्लोक वाचून मला आमचा गोंधळ आठवला. गोंधळात आधी काय करतो आम्ही, चौक मांडला की एकेका देवाला नाव घेऊन बोलावतो, तुळजापूरच्या आई गोंधळाला ये, माहूरच्या रेणुके गोंधळाला ये, जेजुरीच्या खंडोबा ये, पंढरीच्या विठ्ठला ये. गावाचं नाव घेऊन. ज्याच्या घरी गोंधळ त्याच्या कुळाची देवी कुठली ते विचारून घेतो, कुणी राहिलं तर घरातली म्हातारी लगेच सांगती अमका राहिला. हे मशीनमध्ये कसं भरणार.

संबळ म्हणजे दोन भांडी, एक लहान एक मोठं, एका काठीचं टोक वाकडं असतं ते मोठ्यावर घुमवायला. तुणतुण्याला एकच तार. एवढ्यावर रात्रभर चालतं. माझे वडील मला कधी वाजव म्हणले नाहीत, पहिली दोन वर्षं नुसते बोल तोंडानं म्हणून घेतले, बैलगाडीत, शेतात, जेवताना सुद्धा. तोंडात बसलं की हात आपोआप जातो. तुळजापुरात छबिना, म्हणजे देवीच्या पालखीची मिरवणूक, निघतो त्या वेळेस संबळाचा कडकडाट ऐकला तर तुम्हाला कळेल वाजवणारा पालखीकडं बघून वाजवतो, पालखी वळली की चाल वळती.

गोदाकाठ दादा तुमच्या आप्पांचा हात कापतो, तोंड तर कापत नाही ना? मग बोल घ्या त्यांचे. आधी मोबाईलवर तोंडी बोल रेकॉर्ड करा आणि कोणीतरी पोरगं रोज बसवा त्यांच्यापाशी. प्रत्येक देवळाचा नगारा वेगळा असतो, धुपाला वेगळा, आरतीला वेगळा, पालखीला वेगळा. आप्पा गेले की तुमच्या गावची चाल जगात दुसरीकडं कुठंच मिळायची नाही, हे लक्षात घ्या आणि मशीनचं नंतर बघा.


हलगी_घुमते

सगळ्यांचं वाचलं, चांगलं लिहिलंय. एक गोष्ट कुणी लिहिली नाही ती लिहितो. आम्ही मातंग समाजातले, माझ्या आजोबांनी गावच्या देवीच्या पालखीपुढं चाळीस वर्षं हलगी वाजवली. हलगी आधी पाचटाच्या जाळावर शेकायची, कातडं ताणलं की असा आवाज निघतो की शिवारापलीकडं जातो. पालखी देवळाच्या दारात आली की हलगी थांबायची, आजोबा पायरीच्या खाली, पालखी आत. आवाज आत चालायचा, माणूस नाही. ते कधी बोलले नाहीत पण माझ्या वडिलांनी हलगी हातात घेतली नाही ती ह्याच्यामुळं, आणि मी शिकलो ते युट्यूबवर बघून आणि आजोबांच्या शेवटच्या दोन वर्षांत.

म्हणून म्हणतो, वाजवणारे मिळत नाहीत असं गावं म्हणतात तेव्हा का मिळत नाहीत ते पण विचारावं. औंढ्याला नागनाथाच्या देवळात गेलात तर नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे, का ते तिथलं लेकरू पण सांगतं. नामदेव महाराज देवापुढं कीर्तनाला उभे राहिले, त्यांना मागं जा म्हणून हाकललं, ते मागं जाऊन गायला लागले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. नामदेव जवळच्याच नर्सीचे, जातीनं शिंपी. ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यांत सांगतात आणि आपल्याच जिल्ह्यांत माझे आजोबा पायरीखाली थांबले.

आता आमच्या गावात बदललंय, गेल्या तीन वर्षांपासून हलगी आत सभामंडपात वाजते. मी वाजवतो. तुमच्या गावात शिकवणार असाल तर ज्या घराचं काम त्याच घरानं करावं हे धरून बसू नका, ज्याला आवड त्याला शिकवा.


गोदाकाठ_परभणी

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदोनदा वाचलं. हलगी भाऊ, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही खरं सांगतो, आमच्या गावात पण तसंच होतं आणि माझ्या लहानपणी मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

काल संबळवाल्या दादांचं आणि रुद्रपाठी गुरुजींचं लिहिलेलं बैठकीत मोबाईलवरून वाचून दाखवलं. मशीन पूर्ण रद्द झालेली नाही, दोन-तीन जण अजून आडून बसलेत. पण वर्गणीतले निम्मे पैसे आप्पांना महिन्याला शिकवणी म्हणून द्यायचे हे ठरलं, आणि पेन ड्राइव्हचा रुद्र आरतीच्या आधी अर्धा तास गाभाऱ्याबाहेर हळू आवाजात, भोंगा नाही. सोमवारी ज्याला जमेल त्यानं धार धरून नमः शिवाय म्हणायचं, पहिला नंबर माझा लागलाय.

आप्पांना सांगायला गेलो तर ते आधी काहीच बोलले नाहीत. मग म्हणले सकाळच्याला पोरं पाठव, सांजच्याला माझं डोकं चालत नाही. आज तीन पोरं आणि एक पोरगी आली, पोरगी सातवीतली, सुताराची. आप्पांनी कुणालाच नगाऱ्याजवळ जाऊ दिलं नाही, ओट्यावर बसवून मांडीवर हातानं वाजवून घेतलं, तोंडानं बोल म्हणायला लावले. धुपाच्या नगाऱ्याचे बोल मी आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकले, इतके वर्षं मला तो आणि आरतीचा एकच वाटायचा.

एक अडचण आहे. नगाऱ्याचं कातडं पावसाळ्यात सैल झालंय, शेकलं तरी थोड्या वेळात परत ढिलं पडतं, एका बाजूला भेग पण दिसायलीय. परभणी, नांदेड, हिंगोली भागात चढवून देणारं कोणी माहीत आहे का?


हलगी_घुमते

आहेत आमच्या पाहुण्यांपैकी, गंगाखेडकडं. नंबर इथं टाकत नाही, मेसेज करतो. नगाऱ्याच्या तोंडाचं माप टेपनं आरपार मोजून पाठवा आणि उतरवायच्या आधी दोरी कशी ओवलीय त्याचे चारी बाजूनं फोटो काढून ठेवा, आप्पांना विचारून. बसल्यावर पहिला हात आप्पांनाच मारू द्या, कंप असला तरी.